न छापलेली चित्रे

पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली उत्खनन झाले आणि आमच्या भंडारा जिल्ह्याच्या मातीतून एक प्राचीन बौद्ध स्तूप वर आला. त्या स्तूपाचा आणि जपानी चित्रांचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो बाराशे वर्षांहून जुना आहे.

भारतात उगवलेला धर्म चीन-कोरिया ओलांडून जपानात पोचला. तेथे आठव्या शतकात शोतोकू सम्राज्ञीने लाकडाचे दहा लाख चिमुकले स्तूप करविले. इसवी सन ७७० च्या सुमारास ते पुरे झाले. त्यांच्या पोटी छापील धारणीमंत्राच्या गुंडाळ्या ठेवल्या होत्या. जपानी छपाईचे हे सर्वांत जुने नमुने गणले जातात. म्हणजे तिकडच्या छपाईचा श्रीगणेशा आपल्याकडून गेलेल्या मंत्राने झाला!

पुढे ही विद्या देवळातून बाजारात उतरली. १७६५ पासून हारुनोबूच्या काळी बहुरंगी ठसेचित्रे निघू लागली आणि साध्या माणसाच्या घरी चित्र आले. त्याची रीत मात्र मोठी कठोर. चित्रकाराचे पातळ कागदावरील रेखाटन चेरीच्या फळीवर पालथे चिकटवीत आणि कोरक्या रेघांमधले लाकूड काढून टाकी. मग रंगागणिक निराळी फळी, फळीवर रंग, वर ओलसर कागद आणि त्यावर बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या चकतीची घासणी. एका फळीतून शेकडो चित्रे निघत; पण चित्रकाराच्या हातचा मूळ कागद कोरकाम होताना नाहीसा होई.

आमच्या मोहाडी-आंधळगावच्या कोसा विणणाऱ्यांना याचे नवल वाटणार नाही. कोश उकडून उलगडल्यावाचून धागा हाती येत नाही.

म्हणूनच संग्रहालयात छपाईसाठी केलेले असे रेखाटन दिसले, तर ओळखावे की त्याची छपाई राहून गेली. होकुसाईची (१७६०-१८४९) 'मोठी लाट' जगाला ठाऊक आहे. तिचे मूळ रेखाटन मात्र फळीवरच संपले. उलट, एका सचित्र ग्रंथासाठी त्याने काढलेली १०३ छोटी रेखाटने ग्रंथ निघालाच नाही म्हणून वाचली. २०२० साली ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने घेतली. त्यांत बुद्धाच्या भारतातील प्रसंगही आहेत. त्या काळी जपानी माणसाला परदेशी जाण्याची बंदी होती; होकुसाईने भारत कधी पाहिला नाही. तरी त्याने तो काढला.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेल्या चीन-जपानच्या कलावस्तू आहेत. सुटीत मुलांना घेऊन तेथे अवश्य जावे. एखाद्या वस्तूपुढे थांबून त्यांना विचारावे, ही घडविताना काय काय खर्ची पडले असेल? घरी परतल्यावर आईच्या कोशाच्या साडीकडेही ती निराळ्या नजरेने पाहतील.