शालेय गणिताचा अभ्यासक्रम (महाराष्ट्र)

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या शाळांत गणित पहिलीपासून दहावीपर्यंत सक्तीचे असते. १९६७ साली पुण्यात स्थापन झालेली ‘बालभारती’ त्याची पाठ्यपुस्तके काढते. २०१० च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यानंतर आलेल्या पुस्तकांची मांडणी चक्राकार आहे: एखादा घटक एका इयत्तेत संपत नाही, तो पुढे अधिक काटेकोरपणे परत येतो.

पहिली-दुसरीत संख्याज्ञान हाच गाभा. मराठीत तो वाटतो त्याहून अवघड ठरतो. २१ लिहिताना २ आधी येतो, पण ‘एकवीस’ म्हणताना एक आधी. शिवाय ‘एकोणतीस’ म्हणजे तीस नव्हे. म्हणून २०१९ च्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनपद्धतही दिली गेली. त्यावर मोठे वादळ उठले. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी बाजू मांडली, तरी चर्चा मुलांच्या अडचणीपेक्षा भाषेच्या अस्मितेवरच जास्त रंगली.

तिसरी ते पाचवीत चार क्रिया, अपूर्णांक, मापन आणि मोठ्या संख्या येतात. सहावीत ऋण संख्या आणि समीकरणे सुरू होतात. आकड्याच्या जागी अक्षर येते आणि आतापर्यंत पाढ्यांवर तरलेली मुले येथे अडखळू लागतात. व्यवहारगणिताची चढण त्यामानाने सोपी आहे: आधी सरळव्याज, आठवीत चक्रवाढव्याज, नववीत प्राप्तिकर, दहावीत जीएसटी आणि शेअर.

चक्राकार मांडणीचा उत्तम नमुना पायथागोरसचा सिद्धांत. सातवीत काटकोन त्रिकोणाच्या बाजूंवर चौरस काढून तो पडताळायचा असतो. त्याची सिद्धता दहावीत, तीही समरूपतेच्या प्रकरणानंतर, कारण ती समरूप त्रिकोणांवरच उभी आहे.

नववी-दहावीत विषयाचे दोन भाग होतात. भाग १ मध्ये बीजगणित, अर्थनियोजन आणि सांख्यिकी. भाग २ मध्ये भूमिती, त्रिकोणमिती आणि महत्त्वमापन. दहावीला प्रत्येक भागाची लेखी परीक्षा ४० गुणांची, अंतर्गत मूल्यमापन २० गुणांचे. भाग २ मध्ये नुसते उत्तर पुरत नाही. ‘पक्ष’, ‘साध्य’ आणि ‘सिद्धता’ या क्रमाने कारणे द्यावी लागतात.

अकरावीपासून गणित ऐच्छिक होते. कला व विज्ञान शाखांचा अभ्यासक्रम एक आणि वाणिज्य शाखेचा वेगळा असतो.