पान पोचले, मजकूर मागे राहिला

१८३१ साली गणपत कृष्णाजींनी मुंबईत मराठी पंचांग शिळाप्रेसवर छापले. शिळाछापात सगळे पान म्हणजे एक चित्रच असते. पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागरात देवनागरीचे सुबक खिळे ओतले गेले. खिळ्यांच्या छपाईत 'क' हा 'क'च्या घरातून उचलायचा आणि छपाई संपली की त्याच घरात परत टाकायचा. म्हणजे एका पद्धतीत चित्र, तर दुसरीत निवडून घेतलेली अक्षरे. हा फरक ध्यानात ठेवला, की संगणकावरच्या मराठी पानाचे कोडे उलगडते.

डीटीपी आले तेव्हा एका फॉन्टमध्ये जास्तीत जास्त २५६ घरे असत. इंग्रजीला ती पुरून उरतात. मराठीला जोडाक्षरे, रफार, रकार धरून शेकडो आकार लागतात. मग युक्ती निघाली. 'ग', 'ण', 'न' यांचा दंड वेगळा काढायचा, डावा भाग वेगळा ठेवायचा आणि हे तुकडे रोमन अक्षरांच्या घरांत बसवायचे. पुण्यात सी-डॅकने आणि श्रीलिपी काढणाऱ्या मॉड्युलरने केलेले काम मोठे आहे. मराठी प्रकाशन व्यवसाय त्यावर उभा राहिला. पण प्रत्येकाची घरांची मांडणी निराळी. अक्षरे साठवण्यासाठी १९९१ साली 'इस्की' हे भारतीय प्रमाणक ठरले होते, तरी फॉन्टची मांडणी ज्याची त्याची राहिली. पुण्यात जुळवलेले पान नागोठण्याच्या संगणकावर उघडावे आणि तिथे तो फॉन्ट नसावा, की पडद्यावर रोमन अक्षरांची खिचडी!

ही अडचण पीडीएफने सोडवली. अ‍ॅडोबी कंपनीच्या जॉन वॉरनॉक यांनी १९९१ मध्ये 'कॅमलॉट' नावाने ही कल्पना मांडली आणि १९९३ मध्ये अ‍ॅक्रोबॅट बाजारात आले. पीडीएफमध्ये पानाचे वर्णन असते. ए-४ कागद म्हणजे सुमारे ५९५ बाय ८४२ बिंदू (एका इंचात ७२), आणि अमुक आकार अमुक ठिकाणी काढ, अशा सूचना. लागणारे आकारही फाइलमध्येच बांधून देता येतात. २००८ साली त्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाणक झाले. बालभारतीचे पुस्तक आज खेड्यातला शिक्षक उतरवून घेतो आणि हवे ते पान छापतो, ते याच सोयीमुळे.

गोम इथेच आहे. पीडीएफला आकार आणि जागा पक्क्या ठाऊक असतात. तो आकार कोणत्या अक्षराचा, हे वेगळ्या तक्त्यात सांगावे लागते. जुन्या फॉन्टच्या फाइलीत हा तक्ता बहुधा रोमन अक्षरांचाच असतो. पडद्यावर 'नागोठणे' स्वच्छ दिसते, पण शोधायला गेलात तर सापडत नाही.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ मध्येच आली, आणि र. कृ. जोशींनी रेखाटलेल्या 'मंगल' फॉन्टसह ती विंडोज २०००मध्ये घरोघरी पोचली. युनिकोडात 'नागोठणे' म्हणजे न, काना, ग, ओकार, ठ, ण, मात्रा असे सात संकेत, कोणत्याही फॉन्टमध्ये तेच. तरीही सगळे सुरळीत झाले नाही. 'जिल्हा' लिहिताना संकेत आधी 'ज'चा, मग वेलांटीचा. कागदावर मात्र वेलांटी डावीकडे. पीडीएफमधला मजकूर उचलणारी काही साधने चित्राचाच क्रम घेतात आणि 'िजल्हा' असे हाती येते. मूळ मजकूर सोबत नोंदवण्याची सोय पीडीएफमध्ये आहे, पण पान बनवणाऱ्याने ती वापरायला हवी ना! आणि नुसते स्कॅन केलेले पान? ते तर पुन्हा शिळाछापच.

छपाईपुरते यात काही बिघडत नाही. बिघडते ते वर्गातल्या अंध मुलाचे. त्याचा संगणक पान पाहत नाही, आतले संकेत वाचतो, आणि रोमन खिचडी असली तर तीच मोठ्याने म्हणतो. तेव्हा प्रश्नपत्रिका किंवा टिपण पीडीएफ करून पाठवण्याआधी त्यातली एक ओळ उचलून साध्या मजकुराच्या फाइलीत चिकटवून पाहावी. वेलांटी कुठे जाते, ते लगेच दिसेल.