दोनशे वर्षांची मुभा, सहा आठवड्यांची नोटीस

३१ मे २०२४. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातलं बर्मिंगहॅम-सदर्न कॉलेज त्या दिवशी अधिकृतपणे बंद झालं. कॉलेजची मुळं १८५६ पर्यंत मागे जाणारी. पण त्याच दिवशी दूर ओहायोमध्ये या कॉलेजची बेसबॉल टीम लहान कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम टप्प्यात मैदानावर उतरली होती. पहिला सामना ते हरले. दुसऱ्या दिवशी अगदी शेवटच्या क्षणी होमरन मारून जिंकले. म्हणजे ज्या कॉलेजचं नाव शर्टावर होतं, ते बंद झाल्यानंतर जिंकले! तिसऱ्या दिवशी पुन्हा हरले आणि मग खरोखरच सगळं संपलं.

ही बातमी तेव्हा खूप फिरली, कारण ती सिनेमासारखी होती. पण अशी कॉलेजं बंद होणं तिथे नवीन राहिलेलं नाही. २०१९ मध्ये व्हरमाँटमधलं ग्रीन माउंटन, २०२० मध्ये मार्लबरो, २०२४ मध्ये गॉडार्ड आणि न्यूयॉर्क राज्यातलं वेल्स. यादी बरीच लांब आहे.

ही कॉलेजं 'लिबरल आर्ट्स'ची. हे म्हणजे आपली 'कला शाखा' नव्हे. इथे एकच विद्यार्थी पहिल्या वर्षी गणित, तत्त्वज्ञान, जीवशास्त्र आणि चित्रकला असं सगळं शिकतो आणि मुख्य विषय नंतर निवडतो. चार वर्षं कॅम्पसवरच राहायचं. विद्यार्थी काही शेकडा, फार तर दोनेक हजार. वर्गात पंधरा-वीस जण आणि प्राध्यापकाला प्रत्येकाचं नाव पाठ. या कॉलेजांना आपल्यासारखं सरकारी अनुदान नसतं, प्राध्यापकांचे पगार सरकारी तिजोरीतून होत नाहीत. फी, देणग्या आणि साठवलेल्या गंगाजळीचं व्याज, एवढ्यावर संसार.

प्रश्न असा की दगडी इमारती, शंभर-दीडशे वर्षांचं नाव आणि बँकेत कोट्यवधी डॉलर असलेली संस्था अशी अचानक, सत्राच्या मध्यावर कशी काय बंद होते? आणि विद्यार्थ्यांना ते सगळ्यात शेवटी का कळतं? याचं उत्तर शोधायला दोनशे वर्षं मागे जावं लागतं.

सरकारला 'नाही' म्हणण्याचा हक्क

१८१६ साली न्यू हॅम्पशायर राज्याच्या विधिमंडळाने डार्टमथ हे खासगी कॉलेज सरकारी ताब्यात घ्यायचं ठरवलं. विश्वस्त कोर्टात गेले. खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. कॉलेजची बाजू मांडली तिथल्याच माजी विद्यार्थ्याने, डॅनियल वेब्स्टरने. आमचं कॉलेज लहान आहे, पण त्याच्यावर जीव लावणारी माणसं आहेत, असं काहीसं तो भरल्या गळ्याने बोलला, अशी आख्यायिका आहे. १८१९ मध्ये निकाल लागला : कॉलेजला १७६९ मध्ये इंग्लंडच्या राजाकडून मिळालेली सनद हा एक करार आहे आणि राज्य सरकार तो परस्पर बदलू शकत नाही.

या निकालाने खासगी कॉलेजांना पाय रोवायला जागा दिली. सरकार आपल्याला गिळणार नाही, ही खात्री मिळाली. पण व्यवहाराची दुसरी बाजूही तेव्हाच पक्की झाली. जो गिळणार नाही, तो भरवणारही नाही. आणि आतलं काही विचारणारही नाही.

मग कॉलेजांचं पीकच आलं. प्रत्येक चर्चपंथाला आपलं कॉलेज हवं होतं. पश्चिमेकडे वसणाऱ्या प्रत्येक नव्या गावालाही हवं होतं, कारण कॉलेज असलं की जमिनीला भाव येतो. त्यातली कित्येक लवकरच मेली. डोनाल्ड ट्यूक्सबरी या अभ्यासकाने १९३२ मध्ये मांडलेला हिशेब प्रसिद्ध आहे : यादवी युद्धाआधी सोळा राज्यांत स्थापन झालेल्या ५१६ कॉलेजांपैकी फक्त १०४ टिकली. नंतरच्या इतिहासकारांनी या आकड्यावर आक्षेप घेतला. ट्यूक्सबरीने केवळ कागदावर सनद असलेली, कधी उघडलीच नाहीत अशी कॉलेजंही मोजली होती. तरीही मूळ मुद्दा राहतोच. गरिबी या कॉलेजांना नंतर आली नाही, ती जन्मापासून सोबत होती.

ओहायोतलं अँटिऑक हे त्याचं ठळक उदाहरण. अमेरिकेतल्या सार्वजनिक शाळांचा जनक मानला जाणारा होरेस मान त्याचा पहिला अध्यक्ष. स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने शिकवणारं, काळाच्या पुढचं कॉलेज. पण १८५९ मध्ये कर्जापायी त्याचा लिलाव झाला आणि हितचिंतकांनीच ते परत विकत घेतलं. पुढे ते अनेकदा बंद पडलं. शेवटचं २००८ मध्ये. माजी विद्यार्थ्यांनी धडपड करून २०११ मध्ये पुन्हा सुरू केलं.

एक सरोवर, दोन कॉलेजं

१८६२ मध्ये मॉरिल कायदा आला. संघ सरकारने प्रत्येक राज्याला संसदेतल्या प्रत्येक प्रतिनिधीमागे ३०,००० एकर जमीन दिली. ती विकून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी विद्यापीठं उभारायची होती.

न्यूयॉर्क राज्यातल्या कायुगा सरोवराच्या टोकाशी इथाका गाव आहे. तिथे एझ्रा कॉर्नेलने आपला पैसा आणि राज्याच्या वाट्याला आलेली ही जमीन एकत्र करून विद्यापीठ काढलं. त्याचे वर्ग १८६८ मध्ये सुरू झाले. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकायला गेले, ते याच कॉर्नेलमध्ये. आणि त्याच वर्षी, त्याच सरोवराच्या काठी ऑरोरा या छोट्या गावात हेन्री वेल्सने मुलींसाठी संस्था काढली. हा वेल्स म्हणजे 'अमेरिकन एक्स्प्रेस' आणि 'वेल्स फार्गो' या कंपन्यांच्या संस्थापकांपैकी एक. त्याच्या पाठीशी सरकारी जमीन नव्हती. होता तो एका माणसाचा आणि त्याच्या मित्रांचा पैसा.

वेल्स वाईट चाललं असं नाही. राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंडची पत्नी फ्रान्सिस तिथलीच पदवीधर. पण एक संस्था वाढत गेली आणि दुसरी कायम काही शेकड्यांवर राहिली.

सुगीचे दिवस आणि एक भानगड

१९४४ च्या कायद्याने महायुद्धावरून परतणाऱ्या सैनिकांना फी दिली. १९४७ मध्ये कॉलेजात शिकणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे माजी सैनिक होते. त्यांच्या मागोमाग युद्धानंतर जन्मलेली प्रचंड मोठी पिढी आली. लहान कॉलेजांनी पहिल्यांदाच पोटभर जेवण पाहिलं आणि हे असंच चालणार, असं धरून इमारती बांधल्या.

आयोवातल्या पार्सन्स कॉलेजने तर कमाल केली. १९५५ मध्ये नवा अध्यक्ष आला तेव्हा साडेतीनशेच्या आसपास विद्यार्थी होते. दहा-अकरा वर्षांत ते पाच हजारांवर गेले. इतर कॉलेजांनी काढून टाकलेल्यांना दार उघडं, भरपूर जाहिरात आणि डोक्यावर कर्ज. १९६७ मध्ये मान्यता गेली, १९७३ मध्ये कॉलेज बुडालं. पुढच्याच वर्षी तो कॅम्पस घेतला महर्षी महेश योगींच्या विद्यापीठाने. ते आजही तिथे आहे.

सुगी ओसरल्यावर मुलींच्या कॉलेजांना दुहेरी फटका बसला. येल, प्रिन्स्टन, डार्टमथ अशा मुलांच्या संस्थांनी १९६९ ते ७२ दरम्यान मुलींना दार उघडलं आणि मुली तिकडे गेल्या. १९६० मध्ये मुलींची दोनशेहून अधिक कॉलेजं होती, आज तीसेक उरली आहेत. वेल्सने २००५ मध्ये मुलांना प्रवेश दिला. तेव्हा मुलींनी निषेध केला, पण कॉलेजपुढे फार पर्याय नव्हते.

पैसा आहे, पण हात लावता येत नाही

आता हिशेबाकडे. समजा कॉलेजची छापील फी ४०,००० डॉलर आहे. इतकी फी भरणारे मिळत नाहीत, म्हणून 'शिष्यवृत्ती'च्या नावाने ५५ टक्के सूट दिली. हातात आले १८,०००. शेजारच्या कॉलेजने ६० टक्के सूट दिली की आपल्यालाही द्यावी लागते. अमेरिकेतल्या खासगी कॉलेजांत नव्या विद्यार्थ्यांना मिळणारी ही सूट आज सरासरी निम्म्याहून जास्त आहे. वर्ग भरलेला दिसतो, तिजोरी मात्र भरत नाही.

मग गंगाजळी मोडा, असं आपल्याला वाटेल. ते का जमत नाही, हे व्हर्जिनियातल्या स्वीट ब्रायर कॉलेजने दाखवलं. इंडियाना फ्लेचर विल्यम्स या बाईंची मुलगी डेझी सोळाव्या वर्षी वारली. तिच्या स्मरणार्थ बाईंनी मृत्युपत्रात सगळी जमीन मुलींच्या शिक्षणाला दिली. एकेकाळी गुलामांनी कसलेला मळा होता तो. आणि मृत्युपत्रात लिहिलं होतं : गोऱ्या मुलींसाठी. कृष्णवर्णीय मुलींना प्रवेश द्यायचा म्हणून १९६० च्या दशकात कॉलेजला कोर्टकचेरी करावी लागली.

३ मार्च २०१५ ला याच कॉलेजने उन्हाळ्यात बंद होत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा गंगाजळी आठ कोटी डॉलरहून अधिक होती. पण तिचा मोठा भाग देणगीदारांच्या अटींत बांधलेला. अमुक शिष्यवृत्तीसाठी दिलेल्या पैशातून वीजबिल भरता येत नाही. माजी विद्यार्थिनी खवळल्या. दावे झाले. जूनमध्ये समझोता झाला : त्यांनी १ कोटी २० लाख डॉलर उभे करायचे आणि राज्याच्या महाधिवक्त्याने १ कोटी ६० लाखांवरच्या अटी सैल करायच्या. स्वीट ब्रायर आजही चालू आहे.

गप्प राहण्याचं गणित

असे शेवट क्वचितच होतात. अमेरिकेत २००७ मध्ये ४३ लाखांवर बाळं जन्मली. मग मंदी आली आणि जन्म घटत गेले. २०२० मध्ये ते ३६ लाखांच्या आसपास होते. जी बाळं जन्मलीच नाहीत, ती अठरा वर्षांनी प्रवेशाला येणार कुठून?

हे सगळ्या विश्वस्तांना माहीत असतं. पण ते बोलत नाहीत, कारण बोलणंच घातक ठरतं. कॉलेज अडचणीत आहे, अशी कुजबुज झाली तरी नवे विद्यार्थी येत नाहीत, चांगले प्राध्यापक निघून जातात, बँक कर्ज देत नाही. आठ वर्षं ओढता आलं असतं ते दोन वर्षांत संपतं. म्हणून माहितीपत्रकावर हसरे चेहरे आणि बंद दाराआड आकडे. सूचना शेवटच्या क्षणी येते. गप्प राहण्याचा फायदा संस्थेला आणि त्याची किंमत विद्यार्थ्याला.

२०१८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट इडा कॉलेजने साधारण सहा आठवड्यांची नोटीस देऊन दार लावलं. कॅम्पस सरकारी विद्यापीठाने साडेसात कोटी डॉलरला घेतला. परिस्थिती आमच्यापासून लपवली म्हणून विद्यार्थी कोर्टात गेले. २०२० मध्ये अपील न्यायालयानेही त्यांचा दावा फेटाळला : विश्वस्तांचं तसं कायदेशीर उत्तरदायित्व संस्थेशी असतं, विद्यार्थ्यांशी नाही.

पण तोवर राज्याने पाऊल उचललं होतं. २०१९ मध्ये मॅसॅच्युसेट्सने कायदा केला : खासगी कॉलेजांची आर्थिक प्रकृती दरवर्षी तपासायची आणि धोका दिसला तर विद्यार्थ्यांना पुढे कुठे जाता येईल याची योजना कॉलेजने आधीच तयार ठेवायची. डार्टमथच्या निकालाला तेव्हा बरोबर दोनशे वर्षं झाली होती. सरकारने आमच्या वहीत डोकावू नये, ही लढाई जिंकलेल्या संस्थांच्या वहीत शेजारच्याच राज्याने डोकावायचं ठरवलं. अलाबामात तर कॉलेजनेच राज्याकडे हात पसरला. त्यासाठी २०२३ मध्ये खास कर्जयोजनेचा कायदाही झाला, पण राज्याच्या खजिनदाराने कर्ज नाकारलं.

मला वही उघडणं योग्य वाटतं. १८१९ चं स्वातंत्र्य कॉलेजने काय शिकवावं आणि कोणी शिकवावं यासाठी मोलाचं होतं आणि आहे. पण अठरा वर्षांच्या मुलीकडून चार वर्षांच्या शिक्षणाचा शब्द देऊन पैसे घ्यायचे आणि तो शब्द दोन वर्षंही पाळता येईल की नाही हे लपवायचं, याला स्वातंत्र्य म्हणता येणार नाही.

वेल्सने २९ एप्रिल २०२४ ला बंद होत असल्याचं जाहीर केलं. सत्र संपायला काहीच आठवडे होते. साडेतीनशेच्या आसपास विद्यार्थ्यांना नवं कॉलेज शोधायचं होतं. प्राध्यापकांना नोकरी शोधायची होती, तीही नेमणुकांचा हंगाम उलटून गेल्यावर. आणि ऑरोरा गावापुढे वेगळाच प्रश्न होता. गावाच्या नळाला येणारं पाणी कॉलेजच्या शुद्धीकरण केंद्रातून येत होतं. दीडशे वर्षं शेजारी असलेलं कॉलेज गेलं, तेव्हा सरोवराच्या काठावर राहणाऱ्या त्या गावाला आता पाण्याचं काय, याचा विचार करावा लागला.