द्वाड मूल आणि अंगणातली बालवाडी

हूड, द्वाड, व्रात्य, हट्टी, किरकिरे, मुखदुर्बळ... लहान मुलाच्या वर्तनासाठी मराठीत विशेषणांची वाण नाही. ती मुलाला नावासारखी चिकटतात. दोष मुलाच्या स्वभावात आहे, तेव्हा उपायही मुलावरच करायचा, असे एक गृहीत त्यांत दडलेले असते. आपल्याकडील बालशिक्षणाचा इतिहास हा या गृहीताला गेलेल्या तड्यांचाही इतिहास आहे.

पहिला तडा रोमचा. ६ जानेवारी १९०७ रोजी सान लोरेंझो या गरीब वस्तीत मारिया माँटेसरी यांनी 'बालगृह' उघडले. तेथील एक तीनेक वर्षांची मुलगी लाकडी दट्टे खाचांत बसवण्यात अशी गढून गेली, की भोवती मुले गात असतानाही तिने तीच कृती चाळीसहून अधिक वेळा केली. आणि थांबली तेव्हा थकलेली नव्हे, प्रसन्न दिसली. मुलाचा अस्थिरपणा वा हट्ट ही माँटेसरींच्या लेखी त्याची प्रकृती नव्हे, ते विचलन. मन रमेल असे काम मिळाले की ते गळून पडते. या अवस्थेला त्यांनी दिलेल्या नावाला मराठीत नेमका शब्द नाही. 'संतुलन' हा त्यातल्या त्यात जवळचा, पण त्यात तराजू डोकावतो, आणि मुलाला तोलायला आपण एरवीही उतावीळ असतोच.

वकिली सोडून शिक्षणाकडे वळलेल्या गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले, आणि हा विचार तेथे रुजला. ताराबाई मोडक तेथे त्यांच्या सहकारी झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. तरीही हे बालमंदिर मुख्यतः शहरी, सुस्थित घरांतील मुलांचे होते.

ताराबाई १९४५ मध्ये बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि प्रश्नाचे रूपच पालटले. बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतील मुले येईनात. आई कामावर, थोरल्याच्या कडेवर धाकटे. मूल येणार कसे? तेव्हा बालवाडीच वस्तीत, अंगणात गेली. 'अंगणवाडी' हा शब्द या अडचणीतून जन्मला. तेथील पहिला पाठ अक्षरांचा नव्हता, अंघोळीचा आणि नखे कापण्याचा होता. महागड्या साधनांची जागा शिंपले, बिया, पाने आणि खडे यांनी घेतली. पोट रिकामे आणि अंग खाजत असलेल्या मुलाला 'एकाग्र हो' म्हणणे ही थट्टाच; रोमच्या सिद्धान्ताला बोर्डीने घातलेली ही पुरवणी मला मूळ ग्रंथाइतकीच मोलाची वाटते.

१९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांच्या शेजारी गेले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी 'विकासवाडी' तेथे आकाराला आली. भावंड सांभाळणाऱ्या मुलीला त्यामुळे भावंडासह शाळेत येता येऊ लागले. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी 'कुरणशाळा' निघाली. वर्गात ज्याला चंचल म्हटले जाईल तो मुलगा कुरणावर दहा जनावरांवर एकाच वेळी नजर ठेवून असतो. त्याचे लक्ष उडालेले नसते, ते पसरलेले असते. एकाच वस्तूत बुडालेल्या मुलाला आदर्श मानणाऱ्या माँटेसरी विचारात या मुलाला जागा कोठे, हा प्रश्न चळवळीने शब्दांत कितपत मांडला हे वेगळे. कुरणावर शाळा नेऊन तिने त्याचे उत्तर मात्र दिले होते.

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर पोचला. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, शाळापूर्व शिक्षण हे सारे त्या एका नावाखाली आले, आणि बोर्डीची अंघोळ व नखे ज्यांना आठवतात त्यांना यात विसंगती दिसणार नाही. मात्र शब्दाची दिशा फिरली. बोर्डीत अंगण मुलाचे होते आणि तेथे जायचे ते शिक्षिकेने. आता अंगणवाडी ही बहुधा एक खोली असते, तिच्या दारावर फलक असतो, आणि वेळेवर पोचायचे असते ते मुलाने.