घाटानं जन्माला घातलेला गिअर

पेण-रोह्याकडच्या पोराला गिअरची सायकल हवी असते ती पळवायला. दुकानदारही त्याच सुरात बोलतो: एकवीस गिअर, सत्तावीस गिअर, वाऱ्यासारखी जाते. गिअरचं कूळ मात्र पळणाऱ्यांचं नाही. ते सामान लादून, दमानं डोंगर चढणाऱ्या प्रवाशांचं आहे. शर्यतवाल्यांनी तर त्याला कित्येक वर्षं दारात उभं केलं नव्हतं.

या कुळाचा मूळपुरुष म्हणून ज्याचं नाव घेतात तो पॉल द विव्ही, जन्म १८५३. फ्रान्समधल्या सेंत-एतिएन गावचा हा रेशमाचा व्यापारी. तिशीच्या उंबरठ्यावर सायकलच्या नादी लागला, रेशीम सोडून सायकलचं दुकान घातलं, १८८७मध्ये सायकलस्वारांसाठी मासिक काढलं आणि त्यात 'व्हेलोसिओ' या नावानं लिहू लागला. गावाच्या डोक्यावरच ११६१ मीटर उंचीची खिंड, कोल द ला रेपुब्लिक. त्या काळच्या सायकलला मागे-पुढे एकेकच दातेरी चक्र असे. सपाटीला बरं पडेल ते चक्र चढावर छाती फोडी आणि चढाला सोसेल ते सपाटीवर नुसतेच पाय फिरवायला लावी. एकदा म्हणे व्हेलोसिओ या खिंडीत घामाघूम होऊन चढत असताना त्याचाच एक वाचक तोंडात पाइप धरून आरामात पुढे निघून गेला. गोष्ट थोडी रंगवलेली असेल, पण पुढचं काम खरं आहे. दोन चक्रांवर हातानं सरकवायची साखळी, दोन बाजूंना दोन साखळ्या, असे खटाटोप त्यानं वर्षानुवर्षं केले. दोन वेगांच्या सायकली इंग्लंडातही निघत होत्या. एकट्यानं शोध लावला असा दावा त्याच्या नावावर करण्याचं कारण नाही. पण पायडल न थांबवता साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारी जी कळ आज आपण अंगठ्यानं दाबतो, तिच्यासाठी सर्वांत जास्त भांडला तो हाच.

भांडावं लागलं, कारण समोर आंरी देग्रांज होता. १९०३मध्ये 'तूर द फ्रान्स' ही सायकल शर्यत सुरू करणारा हा गृहस्थ. गिअर ही पंचेचाळिशी ओलांडलेल्यांची सोय आहे, खऱ्या गड्यानं स्नायूंच्या जोरावरच जिंकावं, असं त्याचं स्पष्ट मत. १९१०पासून त्याची शर्यत पिरेनीजच्या उंच खिंडींतून जाऊ लागली, तरी साखळी बदलणारा गिअर तिथे वर्ज्यच. स्पर्धक काय करत? मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना एकेक चक्र असे. घाटाच्या पायथ्याशी उतरायचं, चाक काढून उलटं बसवायचं, माथ्यावर पुन्हा तेच. अखेर १९३७मध्ये बंदी उठली. व्हेलोसिओ ते पाहायला नव्हता. १९३०मध्ये ट्रामची धडक बसून तो गेला होता.

आपल्याकडे हे वारं फार उशिरा आलं. स्वातंत्र्याच्या आसपास आणि नंतर मद्रास, आसनसोल, सोनिपत, लुधियाना इथे जे कारखाने उभे राहिले त्यांनी घडवली ती काळी, दणकट, एकाच चक्राची सायकल. तिला नावं ठेवायचं कारण नाही. दुधाचे कॅन, मासळीच्या पाट्या, भाताची पोती, सगळं तिच्या कॅरिअरवर गेलं. पेणच्या खारपट्ट्यातली मिठागरं असोत की कुंडलिकेकाठची भातशेतं, बांधावरच्या सपाट रस्त्याला गिअर लागतच नाही. गिअरच्या सायकली गावोगाव दिसू लागल्या त्या ऐंशी-नव्वदच्या दशकांत, आणि जाहिरातीत त्या वेगाच्या नावानं आल्या. कुळाचं खरं नाव तिथेच पुसलं गेलं.

पेण आणि रोहा या दोन्ही तालुक्यांचा काही भाग खाडीकडे आणि काही सह्याद्रीकडे आहे. नागोठण्याहून रोह्याला जाताना भिसे खिंड, कोलाडला जाताना सुकेळी खिंड. या दोन्ही खिंडी काळ्या सायकलनं, वेळ पडली तर उतरून ढकलत, निभतात. खरा प्रश्न पुढचा, पेणहून खोपोलीमार्गे बोरघाट आणि रोह्याहून कोलाड-विळेमार्गे ताम्हिणी. इथे थोडा हिशेब करावाच. ४४ दाते पुढे आणि १८ मागे असलेली काळी सायकल पायडलच्या एका फेऱ्यात साधारण ५.४ मीटर जाते. मिनिटाला साठ फेरे धरले तर ताशी १९ किलोमीटर. माणूस, सायकल, सामान मिळून शंभर किलो आणि शंभराला सहा मीटरचा चढ धरा, तर त्या वेगाला तीनशे वॅटच्या वर ताकद लागते. एवढी ताकद तासभर टिकवणारा पट्टीचा शर्यतपटूच हवा. पुढे २८ आणि मागे ३४ दाते लावले की एका फेऱ्यात जेमतेम पावणेदोन मीटर, ताशी सहा किलोमीटर, आणि शंभराच्या आसपास वॅट. एवढं शाळामास्तर, बँकेतले कारकून, तुम्ही-मी, सगळ्यांना जमतं. खोपोली ते लोणावळा साडेपाचशे मीटरच्या आसपास उंची आहे. या गतीनं चढाचा वेळ दीड तास, चहापाणी धरून दोन.

घाटरस्त्याचीही गंमत आहे. बोरघाटाचा गाडीरस्ता गव्हर्नर माल्कमच्या काळात, १८३०मध्ये खुला झाला, तेव्हा चढ ठरला तो बैलाच्या दमावर. म्हणून जुने घाट लांब, वळणावळणाचे असले तरी सायकलला सोसतात. आगगाडीला त्याहून सौम्य चढ हवा, सदतीस मीटरला एक. ती १८६३मध्ये वर गेली. ती वाट साहेबाला सापडेना तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगरानं दाखवली, आणि बक्षीस म्हणून देशाचं स्वातंत्र्य मागताच त्याला गोळी घातली, अशी कथा घाटात सांगतात. त्याच्या देवळापाशी आजही ड्रायव्हर नाणं टाकतात. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत हा घाट पहिला चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. बैलांचा घाट परवडला. धरणाकडे किंवा गडाच्या पायथ्याच्या वाडीकडे जाणारे नवे आखूड रस्ते जास्त छळतात, कारण ते इंजिनाच्या भरवशावर सरळ वर काढलेले असतात.

तेव्हा बेत आखायचाच, तर माझ्या मते असा. दिवाळीनंतर निघा, पावसाळ्यात ताम्हिणीत दरडी कोसळतात. पेणहून खोपोली, मुक्काम तिथेच. उजाडायच्या आत जुन्या रस्त्यानं शिंग्रोबावरून वर. एक्स्प्रेसवेवर सायकलला बंदी आहे. लोणावळ्याहून आंबवणे, भांबुर्डे, निवे करत ताम्हिणीच्या माथ्यावर. हा टप्पा एका दिवसात उरकायचा हट्ट नको. चढउतार बरेच आणि दुकानं थोडी. मग विळे, कोलाड, रोहा. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण वर्षानुवर्षं चाललंय, त्यामुळे परतीला रोह्याहून नागोठणे, कासूवरून पेणला येणारी रेल्वे बरी. सायकल कशी न्यायची ते स्टेशनात आधी विचारून ठेवा. भूक लागण्याआधी खा, तहान लागण्याआधी प्या आणि दिखाव्यासाठी पायडल मारू नका, हे व्हेलोसिओचेच नियम. नकाशा, तंबू, हेल्मेट यांची खरेदी मागाहून करा. आधी मागच्या चाकावरच्या सर्वांत मोठ्या चक्राचे दाते मोजा. तीसच्या खाली भरले तर फ्रीव्हील बदलून घ्या आणि मगच रजेचा अर्ज द्या.