स्थानिक नोंदी आणि बालदारिद्र्य (सोलापूर)

सरकारी दप्तरांतील नोंदी एकमेकींशी ताडून गरिबीत वाढणारी मुले नावानिशी शोधणे आणि त्यांच्यापर्यंत मदत पोहोचवणे, ही बालदारिद्र्यावरील कामाची एक पद्धत आहे. सोलापूर शहरात हे काम महानगरपालिकेकडे (स्थापना १९६४), तर जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांत मुख्यतः जिल्हा परिषद व ग्रामपंचायतींकडे येते. जन्ममृत्यूची नोंदवही, अंगणवाडीतले वजन-उंचीचे तक्ते आणि शाळेचा हजेरीपट ही मुख्य साधने. यांपैकी एकही नोंद गरिबी मोजण्यासाठी सुरू झालेली नाही. म्हणूनच त्या शेजारी ठेवून वाचाव्या लागतात.

सोलापूरचा सामाजिक-आर्थिक अभ्यास जुना आहे. धनंजयराव गाडगीळ यांचा या शहरावरील ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध झाला. त्यामागे पुण्याच्या गोखले संस्थेचे काम होते. मात्र उत्पन्नाच्या पाहणीत मोजले जाते ते कुटुंब, आणि कुटुंबाच्या सरासरीत मूल दिसेनासे होते.

विडी कामगारांच्या घरांत हे ठळकपणे कळते. बाई कारखान्याच्या शाखेतून पान-तंबाखू घरी आणते, भिजवलेली पाने कात्रीने कापते, मांडीवर सूप घेऊन विड्या वळते आणि हजाराच्या हिशेबाने त्या परत देते. ओळखपत्र तिच्या नावाचे, मजुरीही तिच्याच नावावर. शेजारी बसून विड्यांची तोंडे दुमडणारी तिची मुलगी कामाच्या कुठल्याच वहीत नसते. १९८६च्या बालकामगार कायद्याने मुलांना या धंद्यात मज्जाव केला, पण कुटुंबाच्या मदतीने घरी चालणाऱ्या कामाला सूट ठेवली. १० डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बालकामगारांच्या सर्वेक्षणाचा आदेश दिला. राष्ट्रीय बालकामगार प्रकल्पाच्या विशेष शाळा सोलापुरातही चालल्या. २०२१ पासून हा प्रकल्प समग्र शिक्षा अभियानात विलीन झाला. घरातल्या या मुलीचा माग हजेरीपटावरूनच लागू शकतो. माल पोहोचवायच्या दिवशी तीच ती मुले गैरहजर राहत असतील, तर शिक्षकांनी घरी जायला हवे.

ग्रामीण भागात प्रश्न स्थलांतराचा. जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने आहेत. हंगामात बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड टोळ्या येतात तेव्हा मुलाचे नाव गावच्या पटावर आणि मूल माळशिरस तालुक्यातल्या उसाच्या फडात, अशी स्थिती होते. स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावे म्हणून दिले जाणारे शिक्षण हमी कार्ड याच तुटीसाठी निघाले. ४ जुलै २०१५ रोजी राज्यभर शाळाबाह्य मुलांची एकदिवसीय मोजणी झाली आणि मोजलेल्या मुलांच्या बोटाला शाई लावली गेली. पण ती जुलैत झाली. टोळ्या फडावर येतात त्या दिवाळीच्या आसपास, त्यामुळे ऊसतोडीतली मुले अशा मोजणीत सापडणे अवघडच.

अंगणवाडीची नोंद सर्वांत उपयोगी, कारण ती मुलाच्या शरीरावरून घेतली जाते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला की ते तीव्र कुपोषित ठरते. मार्च २०२१ पासून या नोंदी पोषण ट्रॅकर या ॲपवर जातात. अंगणवाडी सेविका माहिती वर पाठवते. तीच माहिती तिच्या गावच्या बैठकीत मांडली गेली तर उपचार लवकर सुरू होतो. महिला व बालकल्याणावर ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नाचे १० टक्के खर्चावे लागतात. तो पैसा कुठल्या वस्तीत आधी जावा, हे या तक्त्यांवरून ठरवता येते.

नोंदी जोडल्याने काय साधते, हे कोविडकाळात दिसले. २०२१ साली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदले नेमली गेली आणि मृतांच्या माहितीवरून पालक गमावलेली मुले शोधण्यात आली. नंतर अशी मुले आणि विधवा यांना योजना मिळवून देण्यासाठी तालुक्यातालुक्यांत मिशन वात्सल्य समित्या आल्या. दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी राज्याने ५ लाख रुपयांची ठेव जाहीर केली, तर एक पालक गेलेल्यांनाही बालसंगोपन योजनेचे अर्ज भरता आले. एरवी अपघातात किंवा क्षयाने बाप गेला, तर मृत्यूच्या नोंदीवरून शाळेला आपोआप निरोप जात नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या सुमारे ४० टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. लग्नाआधी मुलीची शाळेतली गैरहजेरी वाढू लागली, तर हा धोकाही हजेरीपटावरून ओळखता येऊ शकतो. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा भाषा बोलणाऱ्या शहरात मात्र एकच आडनाव दोन दप्तरांत दोन तऱ्हांनी लिहिले जाते आणि जुळणी तिथेच अडते. जन्मनोंदणीचा क्रमांक शाळेच्या दाखल-खारिज रजिस्टरात आणि अंगणवाडीच्या वहीतही लिहिला, तर ही अडचण बरीचशी सुटते.