'वुदरिंग हाइट्स'चा खरा नायक कोण?

इंग्रजीतील अभिजात प्रेमकथांची यादी करावयास कोणी बसले, तर एमिली ब्राँटेची 'वुदरिंग हाइट्स' तीत हमखास येते आणि तिचा नायक म्हणून हीथक्लिफचे नावही ओघानेच घेतले जाते. डिसेंबर १८४७ मध्ये 'एलिस बेल' या टोपणनावाने प्रसिद्ध झालेली ही एमिलीची एकमेव कादंबरी. पुढच्याच वर्षी १९ डिसेंबरला, अवघ्या तिशीत तिचे निधन झाले. हीथक्लिफला बहाल झालेले नायकपद कादंबरीच्या संहितेत टिकते का, हे मात्र तपासून पाहण्याजोगे आहे.

त्याची बाजू वरवर दुबळी नाही. लिव्हरपूलच्या रस्त्यावरून उचलून आणलेले हे अनाथ पोर यॉर्कशायरच्या माळरानावरील अर्नशॉ घराण्यात वाढते. आश्रयदाता निवर्तताच त्याचा मुलगा हिंडली या पोराचे शिक्षण बंद पाडून त्याला शेतमजुरीस जुंपतो. घरची मुलगी कॅथरीन जिवापाड प्रेम करते, पण विवाह करते शेजारच्या श्रीमंत एडगर लिंटनशी. अन्याय, विरह आणि अखंड ध्यास हे प्रेमकथेच्या नायकाला लागणारे सारे भांडवल हीथक्लिफपाशी आहे.

पण तीन वर्षे परागंदा राहून तो परततो, तेव्हा या भांडवलाचे तो काय करतो? जुगारी हिंडलीची मालमत्ता गहाण पाडून घेतो. एडगरची बहीण इझाबेला हिला केवळ सूडापोटी पळवून नेतो. त्या रात्री तिच्या लाडक्या कुत्रीला फास लावून टांगतो. पुढे आपल्या मरणासन्न मुलाशी कॅथरीनच्या मुलीचे सक्तीने लग्न लावून तिची इस्टेट हडपतो. विशेष म्हणजे, इझाबेलाने आपल्याला एखाद्या प्रणयकथेतील नायक समजून घर सोडले, याची हीथक्लिफ स्वतःच नेली डीनसमोर टर उडवतो. लेखिकेने वाचकांना याहून स्पष्ट इशारा तो काय द्यावा?

एडगर लिंटन सज्जन आहे, एकनिष्ठ पती व प्रेमळ पिता आहे. परंतु कथेची सूत्रे त्याच्या हाती कधीच येत नाहीत. त्याचा दावा येथेच निकालात निघतो.

उरतो तो हेअरटन, हिंडलीचा मुलगा. चौतीस प्रकरणांच्या या कादंबरीत कॅथरीन सोळाव्या प्रकरणातच मरण पावते. उरलेला अर्ध्याहून अधिक भाग पुढच्या पिढीचा आहे, आणि त्याच्या केंद्रस्थानी हा दांडगट, निरक्षर तरुण आहे. हिंडलीने आपल्याला जसे मातीत ढकलले, तसेच त्याच्या मुलाला ढकलायचे हा हीथक्लिफचा डाव. तोच वारा लागला तर दुसरे झाडही तितकेच वाकडे वाढते की नाही ते पाहू, अशा आशयाचे उद्गार तो हिंडलीच्या मृत्यूनंतर काढतो. कादंबरीचा उत्तरार्ध म्हणजे या प्रयोगाची हकीकत होय.

झाड वाकडे वाढतेही. लहानपणी हेअरटन कुत्र्याची पिल्ले खुर्चीच्या पाठीला टांगताना दिसतो. मोठेपणी आपली आतेबहीण कॅथी हिच्यावर हातही उगारतो. तो देवमाणूस नाही. मात्र दारावर कोरलेले, १५०० साल जोडलेले 'हेअरटन अर्नशॉ' हे पूर्वजाचे नाव वाचता येऊ लागल्याचा त्याला केवढा अभिमान! कॅथी लागलीच आकड्यांबद्दल विचारते, ते येत नाहीत म्हटल्यावर हसते. तो चोरून पुस्तके जमवतो, अपमान असह्य होऊन ती आगीत टाकतो आणि अखेर तिने कागदात गुंडाळून दिलेले पुस्तक स्वीकारून पुन्हा अक्षरे गिरवू लागतो. हीथक्लिफपाशीही हीच जखम होती. त्याने तिची किंमत दोन घराण्यांकडून वसूल केली. हेअरटन ती कोणाकडूनच वसूल करीत नाही. कॅथी हीथक्लिफची निंदा करू लागते, तेव्हा तुझ्या वडिलांना मी नावे ठेवलेली तुला चालतील का, असे विचारून तो तिला गप्प करतो. ज्याने त्याला लुबाडले त्याच्याविषयी हे बोलणे आहे!

आपल्याकडच्या नाट्यशास्त्राने नायकाची ओळख पटविण्याची एक खूण दिली आहे. धनंजयाच्या दहाव्या शतकातील 'दशरूपका'नुसार कथेच्या फलावर ज्याचे स्वामित्व, तो तिचा अधिकारी. हे शास्त्र नाटकाचे, कादंबरीचे नव्हे, हे मान्य. तरीही ती खूण येथे लावून पाहिली, तर घर, जमीन आणि नायिकेचे प्रेम, सारे काही हेअरटनच्या पदरी पडते. हीथक्लिफच्या वाट्याला थडग्याची ओढ तेवढी येते.

मग सर्वांना हीथक्लिफच का आठवतो? पुष्कळसा दोष चित्रपटांचा. विल्यम वायलर यांच्या १९३९ च्या गाजलेल्या चित्रपटाने दुसऱ्या पिढीची कथा सरळ वगळली आणि लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्या देखणेपणाने हीथक्लिफची क्रौर्ये झाकली. (त्यातील कॅथरीन म्हणजे मर्ल ओबेरॉन, जन्म १९११ सालचा, मुंबईचा, जो त्यांनी लपवून ठेवला.) दिलीपकुमार यांचा १९६६ मधील 'दिल दिया दर्द लिया' याच कथेवर बेतलेला.

एमिलीची बहीण शार्लट हिने १८५० च्या आवृत्तीला लिहिलेल्या प्रस्तावनेत या प्रश्नाचा धागा आधीच हाती दिला होता. हीथक्लिफला माणुसकीशी जोडणारा दुवा तिला कॅथरीनवरील प्रेमात दिसत नाही. तो दिसतो हेअरटनविषयीच्या त्याच्या ओबडधोबड आपुलकीत. या आपुलकीचे मूळ फार मागे आहे. दारूच्या नशेत हिंडलीच्या हातून तान्हा हेअरटन जिन्याच्या कठड्यावरून निसटतो, तेव्हा खालून जाणारा हीथक्लिफ त्याला नकळत झेलतो आणि सूडाची संधी हुकली म्हणून क्षणात हळहळतो. ते मूल सुमारे बावीस वर्षांनी हीथक्लिफच्या प्रेताशेजारी रात्रभर बसते, त्याचा हात हाती घेऊन रडते. त्याच्यासाठी मनापासून रडणारे घरात दुसरे कोणीही नसते.